टाकीवरची घंटा

चढाच्या पायथ्याशी पोस्टवालीने सायकल थांबवली आणि जाहीर करून टाकलं, की आज जमलं नाही तर पुढच्या रविवारपासून ती काही येणार नाही.

ऐकायला होतं कोण? बाकीच्या सातजणी केव्हाच पुढे निघून गेल्या होत्या. मागे होत्या त्या फक्त नर्सबाई.

पोस्टवाली टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर बसायची. वय सेहेचाळीस, गुडघे मात्र साठीचे. सायकल ती दीड वर्षापूर्वी शिकली, तीही मुलीने टाकून दिलेली. आता सपाट रस्त्यावर वीस किलोमीटर ती हसत जायची. पण पाण्याच्या टाकीचा चढ आला की गाडं अडलंच. अकरा वेळा प्रयत्न केला आणि अकराही वेळा तिसऱ्या वळणावरच्या विजेच्या खांबापाशी पाय खाली आला.

बायकांचा हा गट दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सुरू केलेला. नियम दोनच. पहिला, कुणालाही एकटीला मागे टाकायचं नाही. सगळ्यांत शेवटच्या बाईच्या मागे एक पक्की सायकलवाली राहणार. तिला सगळ्या शेपूट म्हणायच्या. दुसरा नियम टाकीच्या फाटकावर टांगलेल्या जुन्या पितळी घंटेचा. पाय न टेकता जी पहिल्यांदा वर येईल तिनेच ती वाजवायची, आणि तीही एकदाच. दुसऱ्यांदा चढलीस तर नुसत्या टाळ्या मिळतील, असं डॉक्टरीणबाई बजावून सांगायच्या.

शेपूट व्हायची पाळी खरं तर दर महिन्याला बदलायची. पण नर्सबाई घंटेच्याही आधीपासूनच्या, आणि त्यांनी ती जागा कधी सोडलीच नाही. मला कसली घाई, म्हणायच्या. सगळ्यांना त्यांचं केवढं कौतुक. इतकी जुनीजाणती बाई, पण मिरवायची हौस म्हणून नाही. गेल्या वर्षी ग्रंथालयातल्या बाईंनी घंटा वाजवली, तेव्हा नर्सबाईंच्या सायकलची नेमकी चेन उतरली होती. काळेकुट्ट हात घेऊन त्या मागून चालत आल्या आणि सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या.

पोस्टवालीला नेमकं हेच खात होतं. पाय टेकला की मागे नर्सबाईंचा बूटही रस्त्यावर घासल्याचा आवाज यायचा. कधी कधी तर तो आधीच यायचा. हिचा दम संपत आलाय हे त्यांना हिच्या आधी कळत असावं. तीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढलेली बाई ती, तिला कोण फसवणार? मग दोघी खांबाला टेकून पाणी प्यायच्या आणि वरून बाकीच्यांच्या हसण्याचा आवाज यायचा. आपल्यापायी ही बाई कधी वर हसायला पोचतच नाही, या विचाराने पोस्टवालीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आज ती ते बोलून गेली. "नर्सबाई, तुमचे सगळे रविवार मी खाल्ले."

नर्सबाईंनी हेल्मेटचा पट्टा घट्ट केला. "माझे रविवार कुठे जातात ते माझं मला ठाऊक. चल, पायडल मार."

पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर मांड्या पेटल्या. वरून डॉक्टरीणबाई ओरडून सांगत होत्या, की खाली बघू नका, लांब बघा. उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातंय, असं पोस्टवालीच्या मनात आलं आणि त्या रागावर ती आणखी दहा हात पुढे गेली.

खांब आला. पाय आपोआप सैल पडला. आता मागे बूट घासेल म्हणून तिने कान दिला. बूट घासला नाही. उलट नर्सबाईंचा श्वास ऐकू आला, मोठा, लांब, भात्यासारखा. आत, बाहेर. आत, बाहेर. अडलेल्या बायकांना त्या अशीच लय धरून देत असणार. आपल्यासाठी एवढा घसा कोरडा करतेय ही बाई, आणि आपण पाय टेकायचा?

पोस्टवालीने त्या श्वासाला श्वास जोडला. हा श्वास डावा पाय, तो श्वास उजवा. खांब मागे पडला. पुढचं तिला धड आठवत नाही. दगड दिसले, गवत दिसलं, मग फाटक दिसलं आणि सातजणींनी एकच गलका केला.

तिने दोरी ओढली तेव्हा घंटेपेक्षा तिचं रडणंच मोठं होतं. कुणीतरी पाठ थोपटली, कुणी पाण्याची बाटली पुढे केली. पार्सलच्या खिडकीवर उद्या जो पहिला येईल त्याला मी हे सांगणार आहे, मग तो ऐको न ऐको, असं ती रडता रडताच म्हणाली आणि सगळ्या हसल्या. आज ती त्या हसण्यात होती.

मग तिला आठवण झाली. नर्सबाई फाटकापाशी सायकल टेकवून उभ्या होत्या. चेहरा लालबुंद, हनुवटीवरून घाम टपकत होता.

"सुटलात तुम्ही," पोस्टवाली म्हणाली. "पुढच्या रविवारी सगळ्यांच्या पुढे जायचं. माझी शपथ आहे."

नर्सबाई फाटक धरून अजून धापाच टाकत होत्या. घाई होती ती डॉक्टरीणबाईंना. परत निघायचं म्हणून त्या घंटेची दोरी गुंडाळायला लागल्या.

"थांबा जरा," नर्सबाई म्हणाल्या. त्यांनी रुमालाने तळहात नीट पुसले, दोरी हातात घेतली आणि घंटा वाजवली, एकदाच.