पाहुणीची खोली

कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिका बेटावर रानातले पोपट पाहायचे आणि डोंगरातल्या वस्तीत टोपल्या विणायला शिकायचं, असं सुलक्षणानं तिथल्या मार्व्हा नावाच्या बाईशी फोनवर बोलून ठरवलं होतं. उतरायचंही मार्व्हाच्याच घरी होतं.

मग बेटावर वादळ आलं. आठवडाभर न लागलेला फोन अखेर लागला, तेव्हा मार्व्हाची मुलगी बोलली.

"आई गेली. दरड घरावरच कोसळली. आम्ही सगळे शाळेत आसऱ्याला गेलो होतो. ती म्हणाली, पाहुणी येणार आहे, तिची खोली भिजायला नको. आणि मागे राहिली."

फोन ठेवून सुलक्षणानं नवऱ्याला सगळं सांगितलं.

"तिकिटं रद्द करू ना?" नवऱ्यानं हलकेच विचारलं.

"नको," ती कशीबशी म्हणाली. "आता जायलाच हवं. त्या पोरीसमोर उभी तरी राहते."