घोटलेलं उत्तर

"जीवशास्त्रच का निवडलंस?" हा प्रश्न येणार हे ठाऊक असल्याने तिने आरशासमोर उत्तर घोटून ठेवलं होतं, "लहानपणापासून फुलपाखरांचं वेड!" घरात साधं झुरळ दिसलं तरी बाईसाहेब पलंगावर चढायच्या, ती गोष्ट वेगळी. संशोधनाची जागा एकच, आणि मुलाखतीला समोर तीन नावाजलेले शास्त्रज्ञ. प्रश्न आला आणि तिची जीभ घसरली.

"डॉक्टर व्हायचं होतं हो, मेडिकलला नंबर नाही लागला. मग आत्या म्हणाली, निदान बीएस्सी तरी कर."

गेली हातची जागा, तिने मनातल्या मनात कपाळावर हात मारला.



मधल्या मॅडमनी हसू दाबत शेजारच्या दोघांकडे पाहिलं, "घ्या, मेडिकलला नंबर न लागलेले आता आपण चौघं झालो!"