उसने पंख
“कुणाचा विश्वास बसणार नाही, अफीफा, पण तुझी मांजर मलमल उडून गेली!” मी नातीला सांगितलं. “आपल्या नारपोलीच्या यंत्रमाग कारखान्यात तिची एका कबुतराशी पक्की दोस्ती होती. ती त्याच्या अंड्यांवर पहारा द्यायची, ते तिला मोहल्ल्यातल्या बातम्या सांगायचं. परवा लाइट गेली, लूम थांबले, आणि कबुतराने तिला पंख उसने दिले. दोघं खाडीवर राहतात, रोज ताजे बोंबील खातात. तुला सलाम सांगितलाय.” अफीफा हसली नाही. तिने मूठ उघडली. आत तेलाने काळवंडलेला मलमलचा लाल सुताचा पट्टा होता. “हा तुमच्या लूमखाली सापडला. ती तिथेच झोपायची. लाइट आली की आधी टाळी वाजवून तिला उठवायचं, मग लूम चालू करायचा. परवा लाइट आली तेव्हा तुम्ही चाचांना गोष्ट सांगत होतात. मी दारातच होते, नाना. टाळी वाजलीच नाही.”