झिजलेला स्क्रू

शेवटचा कट घेण्याआधी पोवारकाकांच्या लेथने क्षणभर दम खाल्ला, अगदी त्यांचे वारलेले वडील खायचे तसाच. लेथला जोडलेला हा नवा कंट्रोलर हत्यार पुढेमागे सरकवणाऱ्या जुन्या स्क्रूची झीज वाचून कारागिराचा हात ओळखायचा आणि मशीन तसंच चालवायचा.

ते पाहून शर्वरी तसलाच कंट्रोलर घेऊन घरी धावली. तिचे वडील अण्णा गेल्यावर त्यांचा लेथ तिने नवाकोरा स्क्रू बसवून, हौसेने स्वतः खपून सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारा, केला होता.

तिने कंट्रोलर जोडून बटण दाबलं. लेथ कुठेही न थबकता सरसर चालला. कट बिनचूक निघाला, पण तो अण्णांचा नव्हता.

मागोमाग आलेल्या काकांनी विचारलं, "पोरी, जुना स्क्रू कुठाय?"

"भंगारात घातला, काका," ती पुटपुटली. "फार झिजला होता."