तीन नंबरची बरणी

आई जैन स्थानकात प्रवचनाला गेल्याची खात्री करून श्रेयांसने जाळीचं कपाट उघडलं आणि तीन नंबरची बरणी बाहेर काढली. आतलं शेवाळ पुन्हा तपकिरी पडलं होतं. त्याने ते स्टीलच्या वाटीत ओतलं, गच्चीवर उन्हात ठेवलेल्या बरणीतलं हिरवं शेवाळ तीन नंबरमध्ये भरलं आणि कपाट लावून टाकलं. स्वतःच्याच घरात चोरी करायची ही त्याची सातवी खेप.

श्रेयांस जळगावच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवत असे. आकाशात आपल्या सूर्यासारखे तारे थोडे, मंद लाल तारेच फार. त्यांच्याभोवती फिरणाऱ्या ग्रहांवर, तसल्या मिणमिणत्या लाल उजेडात, हिरवं काही जगू शकेल का? हा प्रश्न त्याची विद्यार्थिनी हेमांगी हिचा होता. शेवाळ उनपदेवच्या गरम पाण्याच्या कुंडातून आणलं होतं. कॉलेजातल्या विजेचा भरवसा नव्हता, घरी इन्व्हर्टर होता. म्हणून आईच्या जुन्या कपाटाला काळा कागद चिकटवून वरच्या कप्प्यात लाल दिवा आणि तीन बरण्या मांडल्या; पहिल्या दोन तुलनेसाठी नुसत्या पाण्याच्या, तिसरीत शेवाळ. खालचा कप्पा मात्र आईने, सायरबाईंनी, सोडला नाही. त्याचं दार वेगळं होतं. मधली फळीही जाळीचीच, त्यामुळे त्यांच्या भांड्यांवर फुकटची लाल रोषणाई होई.

हेमांगीने त्यांनाही प्रयोग समजावून सांगितला होता. त्या हसल्या होत्या.

"दूरच्या ताऱ्यांकडे जीव शोधता? जीव नाही अशी जागा आधी दाखव मला."

पाणी गाळलं की फडक्यात अडकलेले जीव, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीची त्याच विहिरीत परत सोडायची, हे सायरबाईंना सासूने शिकवलेलं. घरात नळ येऊन चाळीस वर्षं झाली तरी त्यांचा नियम ढळला नव्हता. श्रेयांसच्या अंगातही तेच मुरलेलं. फसवणूक तो बिनबोभाट करत होता, पण शेवाळ मोरीत ओतायला त्याचा हात धजत नसे. दर खेपेला तो वाटी ओट्यावर ठेवी आणि म्हणे, "मां, हे प्रयोगातलं मेलेलं आहे. सोडून दे कुठेतरी."

"कुठेतरी का म्हणून? आपल्या दुकानातला गिरधर अडावदचा. तो गावी जाईल तेव्हा देईन. उनपदेव जवळच आहे त्याला."

पहिल्यांदा शेवाळ तपकिरी पडलं, तेव्हा दोन दिवसांवर पुण्याच्या एका संशोधन संस्थेची माणसं प्रयोग बघायला यायची होती. एवढी एकच वेळ, असं त्याने मनाशी ठरवलं. पण बदललेलं शेवाळही दहा-बारा दिवसांत रंग टाकी. एक खोटं निभावायला दुसरं करावं लागे. हेमांगी दर सोमवारी येऊन मोजमाप घेई आणि तिचा आलेख चढत राही. पुण्याच्या संस्थेने तिला पीएचडीला जागा दिली ती त्याच आलेखावर. त्या दिवशी तिने पेढे आणले होते. श्रेयांसला स्वतःची शिसारी आली होती.

बुधवारी तिचे वडील चुडामणभाऊ असोद्याहून केळीची फणी घेऊन आले.

"पोरगी तुमच्या भरोशावर पुण्याले चालली, सर," ते म्हणाले. "आमाले त्यातलं काही समजत नाही."

श्रेयांसने त्या फणीतलं एकही केळं खाल्लं नाही.

गुरुवारी दुपारी हेमांगी आली तेव्हा त्याने तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. सात खेपा, गच्चीवरची बरणी, काहीच लपवलं नाही. पुण्याला मेल त्याने सकाळीच पाठवली होती. आलेख खोटा आहे, दोष माझा एकट्याचा आहे, लाल उजेडात हे शेवाळ जगत नाही.

हेमांगी तीन नंबरच्या बरणीकडे बघत राहिली.

"म्हणजे मी दर सोमवारी गच्चीवरचं शेवाळ मोजत होते."

"हो."

"तपकिरी झाल्यावर पुढे काय होतं, ते एकदा तरी थांबून बघितलं का, सर?"

"मेलं होतं ते, हेमांगी."

"बघितलं का?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. "हो मॅडम," ती म्हणाली. "नाही, मला माहीत नव्हतं." फोन ठेवून तिने बॅग उचलली.

"जागा रद्द केली त्यांनी," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

सायरबाई चहा घेऊन आल्या. "पोरगी चहा न घेता गेली?"

श्रेयांसने त्यांनाही सगळं सांगितलं.

"माझ्यामुळे त्या पोरीचं वाटोळं झालं, मां. शेवटी खरं बोललो, एवढंच."

सायरबाईंनी कप त्याच्यापुढे ठेवला.

"तुझं शास्त्र मला कळत नाही, बेटा. पण मेलेलं म्हणू नकोस त्याला. वाटीत नुसता रंग उतरलेला असायचा, पंधरा-वीस दिवसांत परत यायचा. तुझ्या त्या लाल दिव्याची सवय झालेले जीव, उगाच कशाला हलवायचे, म्हणून खालच्याच कप्प्यात ठेवले होते. पहिली वाटी तर काठोकाठ भरली होती."

श्रेयांस उठला. त्याने खालच्या कप्प्याचं दार उघडलं. सात वाट्या घासून पालथ्या घातलेल्या होत्या.

"सकाळीच गिरधर गावी गेला," सायरबाई मागून म्हणाल्या. "ही रविवारची वाटी सोडली तर सगळे हिरवेगार होते. पोचले असतील आतापर्यंत आपल्या पाण्यात."