तोकडी पुंगळी

“एक जरी काडतूस सैल निघालं, तरी बंदूक कपाटात जाईल,” आयली म्हणाली. “मग कुरकुर चालणार नाही.”

“नाही करणार,” आर्वो म्हणाला.

“हेल्मी, तू साक्षीला आहेस हं.”

“नवराबायकोच्या भांडणात मला कशाला ओढतेस?” वेलदोड्याचा पाव कापता कापता हेल्मी म्हणाली.

“भाऊ तुझा आहे. डोक्याला भोक पडलंय, ते तुमच्याच घराण्यातलं असणार.”

आर्वो हसला. हेल्मी हसली नाही.

हरणांच्या शिकारीचा मोसम उद्या सकाळी उघडणार होता. मिशिगनच्या त्या उत्तर टोकाला, खाणी बंद पडल्यावर जे थोडेफार पुरुष उरले होते, ते सगळे आज रानातल्या आपापल्या झोपड्यांकडे निघाले होते. आर्वो तेवढा घरी होता. गेली काही वर्षं आयलीला त्याची धास्ती वाटे. गाडीची किल्ली कुठे ठेवली, हे त्याला कधी सांगता येत नसे. एकच गोष्ट तो पुन्हा पुन्हा विचारी. अशा माणसाच्या हातात बंदूक द्यायची कशी?

पण न देऊन तरी कसं चालेल? तिकडे झोपडीत रेनो बापाची वाट बघत असणार. लहानपणापासून या दिवसावर त्या मुलाचा जीव. म्हणून तिनं ही परीक्षा काढली होती. काडतुसं आर्वोनं स्वतः भरायची. हात शाबूत निघाला तर जायचं. मनातून तिला तो जायलाच हवा होता. पास्ट्याही भाजून ठेवल्या होत्या, बटाटा-मांसाचं सारण भरलेल्या, रेनोच्या आवडीच्या.

हेल्मीनं पिशवीतल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या टेबलावर ओतल्या. तिच्या मुलांनी उन्हाळ्यात उडवलेल्या.

“आपल्या पुंगळ्या जातात तरी कुठे दरवर्षी?” आयलीनं विचारलं.

“रानात पडतात,” आर्वो म्हणाला.

प्रत्येक बार उडाल्यावर पुंगळी थोडी लांबते. या ढिगात काही एकदाच उडालेल्या, काही पाच-सहादा. कुणाची उंची कुणाला मिळेना. गोळीवर तोंड आवळणारा साचा मात्र एकाच उंचीला बसवलेला. लांब पुंगळीचं तोंड त्यात जास्त मुडपतं आणि मान फुगते. तोकडीचं तोंड साच्यापर्यंत पोचतच नाही, गोळी नुसती टेकलेली राहते. बंदुकीत काडतुसं एकामागे एक बसली, की धक्क्यानं ती गोळी आत घुसते. म्हणून आधी सगळ्या पुंगळ्या कापून सारख्या करायच्या. हे आयलीला आर्वोनंच शिकवलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, याच टेबलावर. तेव्हा तो डोळे मिटून तोंडावरून नख फिरवी आणि सांगे, ही लांब, ही बरोबर. ती मोजून बघायची. तो कधी चुकला नव्हता.

“रेनो पुढे गेला म्हणालीस ना?” कापता कापता त्यानं विचारलं.

“सकाळीच गेला. कितीदा विचारशील?”

“काही म्हणाला जाताना?”

“बाबांना लोकरीचे मोजे घालायला लाव म्हणाला. तुला कुठे राहतंय लक्षात.”

हेल्मी खिडकीबाहेर बघू लागली. सरोवरावरून धुकं वर चढत होतं.

मध्येच आर्वो उठला, शेगडीपाशी गेला, आणि परत येऊन बसला. कशाला उठलो, हे त्यालाही ठाऊक नसावं, असं आयलीला वाटलं. मग हेल्मी उठली आणि तिनं कॉफीच्या किटलीत पाणी ओतलं.

दाबयंत्राचा दांडा खाली-वर होत राहिला. दारू, गोळी, शेवटी तोंड आवळायचं. आर्वोचा हात एकदाही थरथरला नाही.

मग आयली तपासायला बसली. एकेक काडतूस उलटं धरून गोळीचं टोक टेबलाच्या कडेवर दाबायचं. पहिलं घट्ट. दुसरं घट्ट. तोंडं अशी सारखी मुडपलेली, की जणू कारखान्यातून आली. तिचा जीव हलका होत गेला. त्याचे लोकरीचे मोजे बाहेर काढायला उठावं, असं मनात आलं.

तेवढ्यात एक गोळी अंगठ्याखाली आत सरकली.

“आर्वो, ही तोकडी आहे.”

“असेल.”

“नख फिरवलं नाहीस?”

“फिरवलं असेल. आठवत नाही.”

गेल्या वर्षीही अशीच एक निघाली होती. आयलीनं बंदूक उचलली, कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली एप्रनच्या खिशात टाकली.

“या पास्ट्या ने गं हेल्मी. तुझी मुलं जातील ना उद्या? रेनोला देतील. म्हणावं, बाबांचा हात आता पूर्वीचा राहिला नाही. त्यांच्यावर रागावू नकोस.”

“सांगते,” हेल्मी म्हणाली.

आयलीनं नवऱ्याच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला. “चल म्हाताऱ्या, सौना तापवते, वाफ घे. वाईट नको वाटून घेऊ.” ती शाल घेऊन परसात गेली.

तिची पावलं लांब गेली.

“अशा तोकड्या कापून किती वर्षं वेडा ठरणार आहेस तू?” हेल्मीनं विचारलं. “जात नाही म्हण, संपलं.”

“मग ती विचारते, का.”

“विचारलं तर सांगून टाक. धुक्यात हरीण समजून कुणावर बार काढलास ते सांग.”

“दोनदा सांगितलं,” आर्वो म्हणाला. “सकाळपर्यंत ती विसरली. पण दोन्ही वेळा तिचा रेनो तेव्हाच, नव्यानं मेला.”