नोराची खुर्ची

"फोन टोपलीत, काका." दीपाने दारातच वेताची टोपली पुढे केली. "मॅच सकाळीच झालीय तिकडे आयर्लंडमध्ये. डोनालची शिफ्ट होती, म्हणून आत्ता रेकॉर्डिंग बघायचंय. कुणी निकाल फोडला तर माझा घटस्फोट होईल."

राजारामने फोन टोपलीत ठेवला, चपला काढल्या. अमेरिकेत कॅरीला मुलाकडे येऊन त्याला आठ महिने झाले होते. बायको सुवर्णा गेल्यापासून तो नुसता बसून असतो, हे समोरच्या घरातल्या दीपाला खिडकीतून दिसायचं. दर रविवारी ती काहीतरी कारण काढून त्याला बोलवायची.

सोफ्यावर तिचा नवरा डोनाल आयर्लंडमधल्या आपल्या गावच्या संघाची पिवळी जर्सी घालून बसला होता. शेजारी त्याच्याच औषध कंपनीतला रवी. रवी नागपूरचा, पण सहा वर्षं डोनालबरोबर मॅच बघून तोही आता त्याच गावचा झाला होता.

"काका, गेलिक फुटबॉल कळतं का?" रवीने विचारलं.

"आडव्या दांडीवरून गेला तर एक. खालून जाळ्यात गेला तर तीन. सकाळी सगळं वाचून काढलं."

"बघ डोनाल, होमवर्क करून आलेत!"

डोनालच्या गावाने कौंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा चषक एकोणचाळीस वर्षांत जिंकला नव्हता. ही फायनल होती.

"सासूबाई कुठायत?" राजारामने दीपाला विचारलं.

दीपाने आवाज खाली आणला. "किचनमध्ये. त्या बघायला बसल्या की गाव हरतं म्हणे. डोनाल लहान होता तेव्हापासून. तिकडे अख्ख्या गावाला माहितीये."

"आणि तू मानतेस?"

"मी कशाला मानू? पण इथे माझं ऐकतंय कोण?"

"यार काका, आपल्याकडे नाही का, जागचं हललं की विकेट जाते," रवी म्हणाला. "सेम टू सेम."

राजारामने दीपाने दिलेल्या चहाचा घोट घेतला. सुवर्णा खोलीत आली आणि विकेट पडली, असं दोनतीनदा झालं होतं. तेवढ्यावरून तो तिला चारचौघांत पांढऱ्या पायाची म्हणायचा. सगळे हसायचे. तीही हसायची आणि लसूण सोलायला आत जायची. वर्ल्ड कप जिंकलेला तिला फटाक्यांच्या आवाजावरून कळला. शेवटच्या आजारात ती एकदा म्हणाली होती, "एखाद्या मॅचचे शेवटचे दोन बॉल तरी बघू द्या मला." तेव्हा कुठली मॅचच चालू नव्हती.

मध्यंतराला तो कप ठेवायला किचनमध्ये गेला. शहात्तर वर्षांची नोरा टेबलाशी बसून चमचे पुसत होती. पुसून झालेले परत घेत होती.

"किती झाले?" तिने इंग्रजीत विचारलं.

"आपण दोनने मागे."

"मी काही ऐकलेलं नाही हं," ती घाईने म्हणाली. "कान बंद ठेवले होते."

उत्तरार्धात गाव बरोबरीला आलं आणि पुन्हा मागे पडलं. चौदा विरुद्ध सोळा. रवीने पंचाचे आईबाप नागपुरीत काढले. डोनालने जर्सीची कॉलर दातात धरली होती. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ साठावर आलं.

"संपलं यार," रवी म्हणाला.

"अजून किती?" राजारामने विचारलं.

"वाढीव तीन मिनिटं."

राजाराम उठला आणि किचनमध्ये गेला. त्याने नोराच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"चला."

"नको. डोनाल रागावायचा नाही. नुसता गप्प होईल. तेच मला सोसत नाही."

"दोष माझ्यावर येऊ दे."

ती दारात दिसताच डोनाल उभा राहिला. "आई, नको."

"काका, प्लीज! आत्ता नको, हात जोडतो!" रवी ओरडला.

"बसू दे त्यांना," राजाराम म्हणाला. "हरलात तर मी पुन्हा या दारात पाऊल ठेवणार नाही."

त्याला जायला दुसरं दार नव्हतं, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. डोनाल पुन्हा खाली बसला.

त्याने नोराला आपल्या खुर्चीवर बसवलं. तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

"उघडा," तो म्हणाला. "आत्ता."

तिने डोळे उघडले. लांबून आलेला चेंडू एका पिवळ्या जर्सीवाल्याने उडी मारून झेलला. दोन पावलं धावला आणि त्याने लाथ घातली. जाळं हललं.

क्षणभर कुणालाच खरं वाटेना. मग रवी सोफ्यावर चढून नाचायला लागला. दीपा किंचाळत होती. शिट्टी वाजली, गाव एका गुणाने जिंकलं, आणि डोनाल आईसमोर गुडघ्यांवर बसून लहान मुलासारखा रडायला लागला.

"मी पाहिला," नोरा त्याच्या डोक्यावर हात ठेवून पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिला."

"यापुढे ही खुर्ची तुझी," डोनाल म्हणाला. "इथून हलायचं नाही."

दीपा टोपली घेऊन दारापर्यंत आली. तिचे डोळे अजून ओले होते.

"काका, आणि हरलो असतो तर?"

"तर माझे रविवार मोकळे झाले असते." त्याने आपला फोन उचलला.

रस्ता ओलांडून राजाराम घराच्या पायरीवर बसला आणि त्याने फोन उघडला. सकाळी अकराला वाचलेलं पान तसंच होतं. वर निकाल आणि खाली गावकऱ्यांच्या प्रतिक्रिया. त्यातली पहिलीच त्याने पुन्हा एकदा वाचली: 'बासष्टाव्या मिनिटाला गोल! आमची नोरा अमेरिकेतसुद्धा किचनमध्येच बसली असणार.'